शेवटच्या केबलवरची फुंकर

वायरिंगवाली बाई अंगाने एवढीशी, म्हणून माहेरी तिला ‘पिटुकली’ म्हणत. लग्नानंतर नवऱ्यानेही तेच नाव चालू ठेवलं. पण या एवढ्याशा अंगानेच तिला नोकरी दिली. सूर्याच्या पोटात असते तसली आग पेटवण्यासाठी एक प्रचंड पोलादी पात्र बांधलं जात होतं, आणि त्यात शिरायची वाट पिंपाच्या तोंडाएवढी. धिप्पाड गडी बाहेर घाम पुसत बसत, पिटुकली सुर्रकन आत.

आत ती केबल टाकायची. वर पोलादी नळी, आत तांब्याची तार आणि मध्ये ठासून भरलेली पांढरी पूड. ही पूड भारी तहानलेली. टोक उघडं राहिलं की हवेतला ओलावा पिते, आणि ओली झाली की वीज भलतीकडे झिरपते. म्हणून टोक कापलं की ताबडतोब बंद करायचं.

पिटुकलीला मात्र जन्माची खोड, दिसेल त्यावर फुंकर घालायची. चहावर, चष्म्यावर, नातीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर.

त्या दिवशी शेवटची केबल होती. चष्म्यावर वाफ धरली म्हणून तिने मास्क खाली ओढला, टोक कापलं, त्यावर कणभर पूड दिसली आणि सवयीने... फू!

“मेले!” ती किंचाळली.

“ताई, लागलं का?” मुकादम बाहेरून ओरडला.

“मला नाही हो, केबलला! फुंकर घातली मी!”

तिने मीटर लावला. वीज झिरपत नसली की वर राहणारा आकडा पार तळाला. पुन्हा कापावं तर केबल बोटभरही जास्तीची नव्हती. ओलावा गेला नाही, तर भिंतीमागून सगळी उपसायची. तिच्या हातची केबल आजवर कधी उपसावी लागली नव्हती. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

मुकादमाने गरम हवेचा ब्लोअर आत सरकवला. “मागून तोंडाकडे शेकत या. उलटं केलंत तर ओलावा आणखी आत पळेल.”

“म्हणजे फुंकरीवर फुंकरीचाच उतारा!” ती डोळे पुसत म्हणाली.

तान्ह्या बाळाला जपावं तशी जपून तिने नळी शेकत आणली. आकडा हलला, घुटमळला, आणि मग असा भराभर चढला, की पिटुकलीने आत टाळ्या पिटल्या. अख्खं पात्र घुमलं. बाहेरचे गडीही टाळ्या वाजवायला लागले. टोक बंद करताना मात्र तिने ओठ दातांखाली घट्ट धरले होते.

घरी नवऱ्याने वाफाळता चहा पुढे केला. तिने कप तसाच ठेवून दिला.

“अगं, फुंकून पी की.”

“नको बाई! आज फुंकरीने माझा जीव घेतला असता.”

तेवढ्यात नात लंगडत आली आणि गुडघा पुढे करून उभी राहिली. “आजी, फू कर ना.”

पिटुकलीने खाली बसकण मारली, छाती भरून श्वास घेतला, आणि अशी फुंकर घातली की नातीच्या कपाळावरचे केस उडाले.

“आणखी एक,” नात म्हणाली.