पेर्सिदाबाईंना आलेला फोन

स्पोमेन्का चिरिच कुणाच्याही हातची कॉफी प्यायची, पण कुणाच्याही हातचा कोड वापरायला राजी नसायची. आमच्या ऑफिसात नव्यानं आलेल्याला हे लगेच कळायचं. तो उत्साहानं सांगायचा की अमुक काम करणारा तयार तुकडा इंटरनेटवर फुकट मिळतो, नुसता आणून चिकटवायचा. स्पोमेन्का चष्मा कपाळावर ढकलायची आणि विचारायची, "फुकट? मग तो बनवणाऱ्याचं घर कशावर चालतं?"

ऑफिस नोवी सादला, नदीच्या पेत्रोवारादिनच्या काठावर, एका चष्म्याच्या दुकानावर होतं. कंपनीचं नाव 'कात्सा'. कात्सा म्हणजे गावाकडे चीज मुरवायला ठेवतात ते लाकडी पिंप. गावोगावचे मेंढपाळ आणि गवळी आमच्या वेबसाइटवर चीज, साय विकायला ठेवायचे आणि शहरातली माणसं मागवायची. कंपनी ओग्न्येनची. तिशीतला, घाईचा, बोलता बोलता उभा राहणारा. त्याची आई आणि स्पोमेन्का शाळेत एका बाकावर बसायच्या, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून आम्ही सगळेच. माझ्याकडे वेबसाइटच्या पडद्यांची आखणी होती. बटण कुठे, अक्षर केवढं, म्हाताऱ्या मेंढपाळाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, ते मी बघायचे. आतली सगळी यंत्रणा मावशीनं एकटीनं उभी केलेली. साधी, जुन्या वळणाची, आणि तिच्या भाषेत सांगायचं तर 'स्वतःची'.

या 'स्वतःची'मागे कारण होतं. कात्साच्या आधी तिची एक छोटी कंपनी होती. लोकांच्या लग्नाबारशाचे फोटो जपून ठेवायचे, मागतील तसे छापून द्यायचे, असा धंदा. तो तिनं एका परदेशी कंपनीच्या तयार प्लॅटफॉर्मवर उभारला होता. एक दिवस त्या कंपनीचं गोड शब्दांतलं पत्र आलं, आम्ही ही सेवा बंद करत आहोत, इतकी वर्षं सोबत दिलीत, आभार. सगळे फोटो वेळेत उतरवून घेणं तिला जमलं नाही. नंतर कित्येक महिने बायका तिच्या दारात येऊन रडल्या. तेव्हापासून 'तयार' हा शब्द ऐकला की तिचा चेहरा आंबट व्हायचा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी. बेकरीत रोख पैसे. टपालवाल्यालासुद्धा ती आधी खिडकीतून बघून घ्यायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात गुंतवणूकदारांनी आमच्याकडे एक माणूस पाठवला. तिहोमिर. उंच, शांत, इस्त्रीचा शर्ट. कंपनी वाढवायची तर यंत्रणा पेलेल का, हे त्यानं बघायचं होतं. सगळं बघून झाल्यावर त्यानं आम्हाला एकत्र बसवून मत सांगितलं.

"कोड वाईट नाही," तो म्हणाला. "पण हा सगळा डोलारा एका माणसाच्या डोक्यात आहे. उद्या मावशी आजारी पडल्या तर कात्सा बंद. तयार प्लॅटफॉर्मवर जाऊ. सर्व्हर, सुरक्षा, दुरुस्ती त्यांच्या गळ्यात. आपण चीजवाल्यांकडे लक्ष देऊ."

"मी तुमची मावशी नाही," स्पोमेन्का म्हणाली. "आणि त्यांनीच दुकान बंद केलं की? तेव्हा कुणाच्या गळ्यात पडायचं?"

"सगळी दुकानं बंद होत नाहीत, बाई."

"बंद व्हायच्या आदल्या दिवशी सगळी तेच म्हणतात."

ओग्न्येन दोघांच्या मध्ये उभा राहून केस ओढत होता. शेवटी असं ठरलं की आधी यंत्रणेची एक नक्कल करायची, ती नव्या जागी हलवून बघायची, मग निर्णय. पण तिहोमिर बैठकीतून उठला, फोन घेऊन बाहेर गेला आणि जिन्यात उभा राहून बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिला. मावशीनं दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कुणाशी बोलतोय?"

"बायकोशी असेल."

"बायकोशी कुणी असं बोलतं?"

तो रोज जिन्यात जायचा, हे खरं होतं. आमच्याबरोबर कॉफीला बसायचा नाही, हेही खरं. आणि त्याच सुमारास चीजवाल्यांचे फोन यायला लागले. पहिला बुर्यान नावाच्या मेंढपाळाचा. तो ओग्न्येनवर तापला होता. "माझं चीज किती होतं, कधी होतं, मला मुलीच्या लग्नासाठी उचल पाहिजे, हे मी तुमच्या वेबसाइटवर तुम्हाला लिहिलं. बेलग्रेडच्या त्या दुसऱ्या कंपनीला कसं कळलं? त्यांची पोरगी मला फोन करून सांगते, काका, उचल आम्ही देऊ, आमच्याकडे या!" मग आणखी एकाचा, मग एका विधवा बाईचा. काही जण सरळ तिकडे गेले. ओग्न्येनचं जेवण सुटलं.

मावशीच्या मनात चोर ठरला होता. "नवा माणूस आला आणि भिंतीला कान फुटले," ती मला म्हणाली. मी म्हटलं, फोन त्याच्या आधीपासून येत असतील, कुणी मोजलेत? तिनं ते ऐकून घेतलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तिहोमिरचा तो इस्त्रीचा शर्ट खटकायला लागला होता. दुपारी मी पाणी प्यायच्या निमित्तानं जिन्याकडे जायचे आणि कान द्यायचे. एकही शब्द धड ऐकू आला नाही, आणि त्यामुळेच संशय आणखी वाढला.

मग मावशीनं सापळा लावला. नव्या जागी हलवायची ती नक्कल तयार झाली होती आणि ती फक्त दोघांसाठी उघडी होती, मावशी आणि तिहोमिर. त्या नकलेत तिनं एक खोटी मेंढपाळीण घातली. नाव पेर्सिदा मर्क्शिच, फ्रुश्का गोरा डोंगराच्या उतारावर घर, मेंढीचं चीज, यंदा उत्पन्न भरपूर, गिऱ्हाईक शोधते आहे. फोन नंबर मावशीच्या टेबलाच्या खणात पडलेल्या एका जुन्या फोनचा. तो नंबर जगात कुणाकडेच नव्हता. मला तिनं हे सांगितलं ते साक्षीदार हवा म्हणून.

त्यानंतर आम्ही दोघी त्या खणाकडे बघत काम करायचो. फोन वाजला तेव्हा मी चीज भरलेलं खुसखुशीत बुरेक खात होते. बोटं तुपकट, तशीच धावले. मावशीनं तोंडावर बोट ठेवलं, फोन उघडला आणि एकदम थकलेल्या म्हातारीच्या आवाजात म्हणाली, "कोण गं बाई?"

"पेर्सिदाआजी ना?" पलीकडून गोड आवाज. "कशा आहात? यंदा चीज छान झालंय म्हणे."

"झालंय की. पण तुला कोण बोललं, लेकी?"

"आम्हाला सगळं कळतं, आजी!" पोरगी हसली. "तुम्हाला गिऱ्हाईक हवंय ना? आमच्याकडे या. कात्सावाले तुम्हाला काय देणार?"

"कान नीट नाहीत गं माझे. कुणाकडून कळलं म्हणालीस?"

"ऑफिसातून यादी येते आम्हाला. तुम्ही फक्त हो म्हणा."

मावशीनं फोन ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल. ती तशीच उठली आणि ओग्न्येनच्या खोलीत शिरली. तिहोमिर तिथेच बसला होता.

"पेर्सिदा मर्क्शिचला ओळखता?" तिनं त्याला विचारलं.

"नाही."

"कशी ओळखाल? ती नाहीच आहे. मी बनवली. तुमच्या त्या नकलेत ठेवली, तुमच्याशिवाय कुणालाही दिसणार नाही अशी. आत्ता तिला बेलग्रेडहून फोन आला." ती ओग्न्येनकडे वळली. "हा माणूस आपलं घर विकतोय. जिन्यात उभा राहून विकतोय."

तिहोमिरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो मात्र ओरडला नाही.

"मी ती नक्कल अजून उघडलेलीच नाही," तो म्हणाला.

"काहीतरीच!"

"तुम्ही पासवर्ड मला जिन्यात कानात सांगितलात. लिहून देणार नाही म्हणालात. मला नीट ऐकू आला नाही, तो लागत नाही. मी तुम्हाला दोन वेळा मेसेज केला. उत्तर दिलं नाहीत."

मेसेज आले होते, हे मला ठाऊक होतं. तिनं मला ते दाखवून म्हटलं होतं, बघ, पासवर्ड लिहून मागतोय, म्हणजे पुढे पाठवायला बरा.

"काय ऐकलंत तुम्ही?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. एक अख्खा शब्द चुकीचा होता. तिनं ओग्न्येनच्या लॅपटॉपवर तो टाकून बघितला. दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा टाकला. नाहीच.

"मग मी जातो," तिहोमिर म्हणाला, आणि बॅग उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. "मी पेर्सिदाला आत घातली तेव्हा त्या नकलेत माझ्याशिवाय कुणी नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे मी टाईप करताना कुणीतरी बघत होतं." तिनं नक्कल उघडली, दुसरी खोटी मेंढपाळीण लिहायला घेतली, आणि ब्राउझरमधून काय काय बाहेर जातंय ते शेजारी लावलं. एक अक्षर दाबलं. एक ओळ सरकली. दुसरं दाबलं. आणखी एक. आम्ही कधीही न ऐकलेल्या एका पत्त्यावर त्या खोट्या मेंढपाळिणीचं नाव, गाव, चीज, सगळं अक्षरागणिक निघालं होतं.

ती ओळ कुठून येते ते शोधायला वेळ लागला नाही. वेबसाइटच्या कोपऱ्यात एक छोटी चॅटची खिडकी होती, 'काही विचारायचंय?' म्हणणारी. मेंढपाळांना ती फार आवडायची. कात्सा सुरू झाली तेव्हा मावशीकडे सवड नव्हती, म्हणून ती खिडकी तिनं बाहेरून आणली होती. फुकट. ल्युब्लियानातल्या एका विद्यार्थ्यानं एकट्यानं बनवलेली. तिनं त्याला पत्रं लिहिली होती, त्यानं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं, आणि तिला तो आवडला होता. नंतर कधीतरी त्यानं ती एका जाहिरात कंपनीला विकली. नव्या मालकांनी खिडकीला डोळे बसवले आणि दिसेल ते बेलग्रेडच्या त्या कंपनीसारख्यांना विकायला काढलं. आमच्याकडे त्या नव्या गोष्टी आपोआप येत राहिल्या, कारण तशी सोय मावशीनंच करून ठेवली होती. नक्कल केली तेव्हा खिडकीही नकलेत आली.

खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं ती ओळ पुसली असती तर गळती थांबली असती, आणि कुणालाही कळलं नसतं की ती होती कुठे. मी तिच्याकडे बघितलं. माझ्या मनात काय आलं तेही तिला कळलं असावं.

"माझ्याकडे काय बघतेस? ओग्न्येनला बोलाव," ती म्हणाली. "सगळ्यांनाच बोलाव. आणि त्यालाही फोन लाव, त्याला ऐकू दे."

तिनं उभं राहून सगळं सांगितलं, शाळेतल्या मुलीसारखं, हात मागे बांधून. खिडकी मी आणली. तपासली नाही. दोष दुसऱ्याला दिला. ओग्न्येन खुर्चीत खाली खाली जात होता. फोनमधून तिहोमिर एवढंच म्हणाला, "बरं." मग, "चीजवाल्यांना कळवा. प्रत्येकाला." मावशीनं ते स्वतः केलं. बुर्यान तिच्यावर इतका ओरडला की मला टेबलापलीकडून ऐकू आलं. ती मध्येमध्ये "बरोबर आहे तुमचं" म्हणत राहिली. काही जण परत आले, बरेचसे आले नाहीत.

तिहोमिर घरूनच काम करायला लागला. लिहून विचारायचा, लिहून उत्तर द्यायचा, एक शब्द जास्त नाही. मावशीनं माफी मागायला केलेले फोन त्यानं उचलले नाहीत. मग नोव्हेंबर आला आणि ती मला म्हणाली, "मित्रोवदानला त्याच्याकडे घराण्याच्या संताचा सण आहे. चल माझ्याबरोबर."

"बोलावलंय?"

"त्या दिवशी कुणी कुणाला बोलावतं का? आणि आलेल्याला दारातून परतही पाठवत नाहीत. म्हणून तर जायचं."

दार त्याच्या आईनं उघडलं. ठेंगणी, हसरी. घरात माणसं, मेणबत्ती, भाजलेल्या मांसाचा आणि कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सारमांचा वास. तिनं गोड शिजवलेल्या गव्हाची वाटी पुढे केली, आम्ही चमचाभर घेतला, देवाचं नाव घेतलं. तिहोमिर पाहुण्यांना दारू ओतत होता. मावशीला बघून बाटली क्षणभर थांबली, मग तिचाही पेला भरला.

"मला हाकलता येणार नाही म्हणून आजच आले," ती म्हणाली. "चुकले मी. फार चुकले."

"हो," तो म्हणाला. मग थोडा हसला. "बसा. सारमा गार होतील."

तो जिन्यात कुणाशी बोलायचा, हे ना तिनं विचारलं ना त्यानं सांगितलं. मला आजही माहीत नाही.

परत येताना पुलावर मावशी थांबली. "हसला ना तो? खरं हसला का गं?"

"हसला की."

"सणाचा दिवस होता. सणाला सगळेच हसतात."

हिवाळ्यात तिहोमिर ऑफिसात परत आला. तयार प्लॅटफॉर्मवर जायचं की नाही, हा प्रश्न त्यानं स्वतःच बाजूला ठेवला. "आधी बाहेरून आलेलं सगळं काढून टेबलावर ठेवू," तो म्हणाला. तीन आठवडे तो आणि मावशी एका लॅपटॉपसमोर बसून प्रत्येक तुकड्याची उलटतपासणी घेत होते. याचा मालक कोण? बदलला का? कधी? ती एक तुकडा निर्दोष ठरवायची, तो पुन्हा तपासायचा. त्यानं ठेवलेला ती तपासायची. त्यांच्या बोलण्यात गोडवा कधी आला नाही. वसंतात ओग्न्येननं नवी चॅटची खिडकी मागितली, तेव्हा दोघांनी एकदमच विचारलं, "कुणाकडून?"

ती त्यांनी स्वतः बनवली. मी आखली. कुरूप झाली आहे जरा, पण मेंढपाळांची तक्रार नाही. बुर्यान मात्र अजूनही तिच्यात लिहीत नाही. चीजबद्दल काही विचारायचं असलं की बस पकडून ऑफिसात येतो, मावशीसमोर बसतो आणि दार लावून घ्यायला सांगतो.