पोराला धरून द्यायला आलेली आई

इतकी वर्षे लोटली, तरी त्या बाईचा चेहरा मला अजून स्वच्छ आठवतो. सत्तरच्या दशकात शिराळा भागातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी वाचत असताना चाळिशीची एक शेतकरी बाई दारात आली. बसा म्हटले तरी बसेना.

“सायेब, माझ्या पोराला धरा. आज धरला न्हाई, तर त्याच्या हातनं खून हुईल.”

मुलगा सोळा वर्षांचा, शाळकरी. ओढ्याकाठच्या हातभट्टीवर प्यायला लागला होता. तिथेच पलीकडच्या वस्तीतल्या एका मुलाने त्याला मारले होते. ऊसतोडीचा हंगाम नसताना पोराने कोयत्याला धार लावलेली तिने पाहिली आणि ती पाच मैल चालत ठाण्यात आली. त्या दिवशी गावचा बाजार होता आणि मारणारा मुलगाही बाजाराला येणार होता.

बाजाराच्या वाटेवर हवालदाराने मुलाला अडवले. पोत्यात कोयता निघाला. ठाण्यात तासभर विचारपूस केली. शेवटी एवढेच म्हणाला, “कुणी सांगितलं?” खबर देणाऱ्याचे नाव आम्ही कधीच सांगत नसू. पण बाहेर बसलेली आईच आत आली.

“मी सांगितलं रं. तुझा बाप पल्टनीत हाय. सुट्टीवर आल्यावर त्येला मी तुला तुरुंगात दावू व्हय?”

पोरगा ढसाढसा रडला. मग भट्टी नेमकी कुठे, साथीदार चौघे कोणत्या पुलाखाली थांबलेत, सगळे सांगितले. चौघांना वेळेत गाठले. दुपारी पंचांसमक्ष भट्टी फोडून मालकाला अटक केली.

पण फोडलेली भट्टी आठवड्यात पुन्हा लागते, हे मला ठाऊक होते. ती बाईही जाणून होती. तिने दोन्ही वस्त्यांतल्या बायका गोळा केल्या. धुण्याच्या निमित्ताने त्या पाळीपाळीने ओढ्यावर लक्ष ठेवू लागल्या. गावातले एक निवृत्त सुभेदार मला म्हणाले, “पोरं माझ्याकडं द्या. दमली की भांडायची न्हाईत.” वरिष्ठांना विचारून मी मुलांना समज दिली आणि पालकांच्या ताब्यात सोडले.

रोज सकाळी दोन्हीकडची पोरं माळावर सुभेदारांमागे धावू लागली. पहिल्याच आठवड्यात तिथेही हा मुलगा आणि त्याला मारणारा यांची गुद्दागुद्दी झाली. सुभेदारांनी त्या दोघांचे पाय एकमेकांना बांधून पळायला लावले. दोघे आपटले, उठले, पुन्हा पळाले.

मुलगा मात्र दिवाळीपर्यंत आईशी बोलला नाही. मला वाईट वाटले. ती म्हणाली, “बोलंल कवा तरी. जित्ता हाय न्हवं, ह्यो बी आन् त्यो बी!”

पुढे खुनाचे बरेच तपास केले. दर वेळी पंचनामा लिहिताना वाटे, घरातल्या कोणीतरी दोन दिवस आधी बोलायला हवे होते. अशा माणसाला ठाण्याची पायरी चढायचा धीर यावा, असे आपले वागणे हवे, हे मी त्या माउलीकडून शिकलो. तेव्हा तिचे आभार मानायचे सुचले नाही. आज मानतो.