झेंडेवाला टेबलाखाली पडलाय

मी निघाले त्या दिवशी दारात गाडी हॉर्न वाजवत होती आणि आमची लढाई अर्धवट होती. गावाकडं, वाशीतल्या घराच्या पुढच्या खोलीत, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या टेबलावर, माझे हिरवे शिपाई त्यांच्या तांबड्यांच्या किल्ल्याला भिडले होते. डाव माझा होता. चांगली चोवीस वर्षांची बाई, नर्सिंगची डिग्री झालेली, पासपोर्टात आयर्लंडचा व्हिसा, आणि मी गुपचूप माझा झेंडेवाला पर्समध्ये टाकला. अण्णांनी बघितलंच. "ठेव तिथं. फौज फोडायची न्हाय." ठेवला. मग त्यांनी माळ्यावरून माझी तान्हेपणीची छत्रीसारखी मच्छरदाणी काढली आणि लढाईवर पालथी घातली. "तू आल्यावर पुढचं बघू," म्हणाले. तिकडं आई रडून अर्धी झाली होती, आणि हा माणूस मच्छरदाणीची कड नीट करत होता! मला एवढा राग आला की पाया पडताना मी त्यांच्या तोंडाकडंसुद्धा बघितलं नाही.

ती फौज सोनारीच्या यात्रेतली. मी सहा वर्षांची असताना अण्णांनी प्लास्टिकच्या शिपायांची दोन पाकिटं घेऊन दिली आणि देवळाबाहेर पडतो न पडतो तोच एका माकडानं हिरवं पाकीट पळवलं. परत मिळालं तेव्हा एका शिपायाचं मुंडकं गायब होतं. अण्णांनी त्याला हवालदार केलं. दिवाळी झाली की भुईनळ्यांच्या रिकाम्या मातीच्या कुंड्या आम्ही गोळा करायचो, त्या आमच्या किल्ल्याचे बुरूज. फटाक्यांच्या कारखान्यांचं तेरखेडा शेजारीच, म्हणजे बुरुजांना काय तोटा! सहा कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या पडतील तेवढी बोटं शिपाई पुढं सरकवायचा. आणि एक नियम पक्का: दुसऱ्याच्या शिपायाला हात लावायचा नाही. पडला तर ज्याचा त्यानं उचलायचा.

अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे आणि घरी मला हरवायचे. लेक म्हणून कधी सोडलं नाही. मी भोकाड पसरायची, ते शांतपणे कवड्या गोळा करायचे. पाच वर्षांनी मी पहिल्यांदा जिंकले तेव्हा मात्र त्यांनी अख्ख्या शाळेला सांगितलं. आमच्या घरात लाड म्हणतात तो एवढाच झाला.

इकडं आल्यावर दोनदा घरी जाऊन आले. दोन्ही खेपा पाहुणे, लग्नं, तुळजापूरचं दर्शन, यातच सुट्टी संपली. मच्छरदाणी कुणी उचलली नाही. अण्णांनी विचारलं नाही आणि मलाही काही वाटलं नाही. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मागच्या संक्रांतीनंतर अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलं, बारीक वस्तू उचलायची सवय लावा. आईनं वाटीत हरभरे दिले, त्यांनी वाटी भिरकावली. मग आईनंच मच्छरदाणी उचलली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. माझा लंच ब्रेक म्हणजे तिकडची संध्याकाळ. माझ्या कवड्या आई टाकायची, कुठला शिपाई कुठं ते मी सांगायची आणि ती सरकवायची. त्याला अण्णांनी खळखळ करून परवानगी दिली. "चालवायला तुझी आई चालंल," म्हणाले.

एक तांबडा शिपाई उचलायला त्यांना चार-चार मिनिटं लागायची. वॉर्डात मी दिवसभर दुसऱ्यांच्या बापांचे पंजे माझ्या पंजात धरून त्यांना चमचा उचलायला शिकवते. अंगठा कुठं ठेवायचा, मनगटाला आधार कुठं द्यायचा, सगळं मला येतं. आणि माझ्या बापाचा हात काचेपलीकडं थरथरत असतो. मी स्टाफरूममध्ये सँडविच धरून बघत बसते. काय करू? सांगा ना, तुमच्यापैकी जे असे बाहेर आलात, तुम्ही काय करता?

मी एक गाढवपणा केला. त्यांना जरा उभारी यावी म्हणून मुद्दाम हरायला लागले. हवालदार विनाकारण उघड्यावर आणला. अण्णांनी ओळखलं. दोन दिवस फोनसमोर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी एकेक शब्द ओढत बोलले, "लकवा हाताला झालाय. डोक्याला न्हाय." तेव्हापासून मी जीव तोडून खेळते. बाप थकलेला दिसत असतो आणि मी त्याचे बुरूज घेत असते. याहून अवघड दुसरं काही मी आयुष्यात केलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आपला शिपाई ठेवताना त्यांचा हात एकदम झटकला. माझा झेंडेवाला टेबलावरून उडून खाली गेला. आई वाकली तसे अण्णा ओरडले. आजारपणानंतर त्यांचा एवढा स्वच्छ शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "न्हाय! तिचा हाय. ती उचलंल."

तेव्हापासून खेळ थांबलाय. अण्णा कवड्या टाकत नाहीत, हाताचा व्यायामही बंद. फिजिओथेरपीवाला म्हणतो, असा हात पडून राहिला तर कायमचा जाईल. माझ्या इथल्या नोकरीच्या परमिटचं रिन्यूअल अडकलंय. ते येण्याआधी देश सोडला तर परत घेतील याची खात्री नाही. नोकरी गेली तर औषधपाणी कुठून करायचं? हे सगळं मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि टेबलाखाली बघितलं.

आई म्हणते, झाडताना केरसुणी त्याच्या बाजूनं फिरवते. घर म्हटलं की पूर्वी मला ओसरी, शेत, आईच्या हातची भाकरी असं काय काय दिसायचं. आता तेवढीच फरशी दिसते, टेबलाच्या डाव्या पायाजवळची, तिच्यावर आडवा पडलेला हिरवा शिपाई, आणि वर खुर्चीत माझी वाट बघत बसलेले अण्णा. डाव माझा आहे, आणि मी इथं आहे.