चार बोटांची जागा

गेल्या महिन्यात कारखान्याच्या केबिनमध्ये बसलो असताना फोन आला. बाहेर बारा माग चालू होते. तरी सिद्रामच्या मुलीचं "काका, बाबा गेले..." हे मी पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकलं.

सिद्राम माझा शाळेपासूनचा मित्र. भवानी पेठेत आमचा टॉवेलचा कारखाना आणि त्याचे वडील, अप्पा, आमच्याच मागावर विणकर. तीस वर्षं त्या खडखडाटात काढून त्यांचे कान गेले. सिद्राम पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागला, पण घरी अप्पांशी ओरडूनच बोलायचा. मला त्यानं कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाला, "बापाशी हळू आवाजात बोलायचं राहूनच गेलं बघ." माझी मान वर झाली नाही.

अप्पा गेल्यावर त्याला एकच वेड लागलं... आवाज शोषणारे तक्ते बनवायचे. कुठल्याही खोलीत शिरला की एक टाळी वाजवून, आवाज किती घुमतो ते कान देऊन ऐकत उभा राहायचा, अगदी लग्नाच्या कार्यालयातसुद्धा. सांगोल्याहून मेंढीची लोकर आणायची, त्यात आमच्याकडची टॉवेलची कातरण मिसळायची. पहिले तक्ते माझ्या केबिनसाठी मीच भरले, चांगले ठोकून, दाबून. त्यानं केबिनमध्ये टाळी वाजवली आणि हसायलाच लागला. "व्यंक्या, लई घट्ट केलास की. आवाजाला आत शिरायला वाट नको व्हय? शिरला तर धाग्याधाग्यात घासून दमंल." वीण सैल पडली म्हणून जन्मभर विणकरांवर खेकसणारा मी, उतारवयात सैल भरायला शिकलो. नेमकं किती सैल, हे ठरवण्यात दोन वर्षं गेली. तक्ते बसवतानाही त्यानं माझा हात धरला. "भिंतीला चिकटवू नको. मागं चार बोटं जागा सोड, तितंबी आवाज मरतो."

शेवटचा तक्ता लागला तेव्हा दार लावून तो समोर बसला आणि अगदी हळू म्हणाला, "चहा सांग की." मला ऐकू आलं. आम्ही दोघंही बाहेरच्या मागांकडे कान लावून बसलो, आणि चहा सांगायचा राहूनच गेला.

हल्ली केबिनमध्ये आलो की तक्त्यामागच्या त्या फटीत चार बोटं घालून बघतो. जागा तेवढीच आहे. पूर्वी इथं फोन आला की "काय? काय म्हणालात?" करत मी रस्त्यापर्यंत पळायचो. त्या दिवशीही तसंच पळावं लागलं असतं, तर तेवढा वेळ तरी सिद्राम माझ्यापुरता जिवंत राहिला असता.