आईने रंगवलेले मोर

अगं, जरा जवळ सरक. लेकीच्या हातातला खडू काढून घेऊन तिचं चित्र तूच पुरं करतेस, हे काही बरं नाही हो.

ठाकुर्लीला आमची शेजारीण हेच करायची. बालवाडीतून चित्र घरी आलं की स्वतः रंगवायची, अगदी रेघेच्या आत. वर्गातल्या फळ्यावर कायम तिच्याच पोरीचा मोर. मग एकदा बालवाडीच्या बाईंनी सगळ्या आयांना बोलावून मुलांना समोर रंगवायला बसवलं. मीही सोबत गेलेले. चार वर्षांची पोर, तिने खडू मुठीत आवळला आणि तो मोडला. कागदभर नुसता गिरगटा.

बाईंनी तो कागद उंच धरला. "काय गं, रोजचा मोर कुठे उडाला?"

सगळ्या हसल्या. पोरीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "घरी छान काढते हो, इथे मुद्दाम माझं नाक कापते," आणि तिच्या बोटांवर फाडकन मारलं.

पुढे रंग दिसले की ती पोर हात फ्रॉकखाली लपवायची.

रविवारी लेकीला घेऊन ये. वर्तमानपत्रं पसरून ठेवते, हवं तसं गिरगटू दे, त्यानेच बोटांत जोर येतो. तू फक्त चहा पीत बसायचंस. लवकर ये हो.