भटमामांचा ठिपका

कृष्णनाथ पाध्ये चौसष्ट वर्षांत एकदाही वाट चुकले नव्हते. पाळी, वेळगे आणि सुर्ला या तीन गावांचे ते भटमाम. खाणींनी डोंगर इकडचे तिकडे केले, रस्ते वळवले, शेत होतं तिथे मातीचा ढीग उभा केला, तरी भटमामांची स्कूटर पूजेच्या घरासमोरच जाऊन थांबायची. उशीर मात्र ते नेमाने करत. आणि उशीर झाला की फोनवर "भायर सरलां" म्हणून सांगत. म्हणजे निघालो. हे सांगताना ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या घरी पाटावर बसलेले असत. याला खोटं बोलणं म्हटलं तर अन्याय होईल. ताटकळलेल्या माणसाला धीर द्यावा एवढाच त्यात हेतू असायचा. पण तिन्ही गावांत आता त्यांच्या 'भायर सरलां'वर शेंबडं पोरही विश्वास ठेवत नव्हतं.

चवथीच्या दिवशी त्यांच्याकडे चौदा घरं. घरचा गणपती पहाटे पुजून ते बाहेर पडत, आणि चौदावं घर होईपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही जात नसे. जेवून जा म्हणून प्रत्येक घरी आग्रह व्हायचा, पण बसणार कधी? चौदावं घर सुर्ल्याच्या पद्मावतीबायचं. गेल्या चवथीला भटमाम तिथे साडेतीन वाजता पोचले. बायला साखरेचा त्रास, आणि नैवेद्य झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही हा हट्ट. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसल्या बसल्या तिला घेरी आली. तिचा मुलगा गौरेश पर्वरीला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तो आरडाओरडा करणाऱ्यातला नाही, आणि म्हणूनच भटमामांना त्याची जास्त भीती. या वर्षी त्याने आधीच येऊन शांतपणे सांगितलं, की भटमामांनी आपण कुठे आहोत ते फोनवरून दाखवत राहावं, म्हणजे घरच्यांना अंदाज येईल. एक वाजेपर्यंत वाट बघू. नाही आलात तर टीव्हीवर पूजा सांगणारा भट लावू, आणि मग दर वर्षी तोच.

बाकीच्या तेरांतलं एखादं घर सुटलं असतं तर भटमाम चार दिवस तोंड पाडून बसले असते आणि विसरले असते. हे घर वेगळं होतं. वडिलांचा घसा बसला म्हणून पंचविशीतला कृष्णनाथ आयुष्यातली पहिली चवथीची पूजा सांगायला याच घरी आला होता. अर्ध्यावर सगळं विसरला. समोर अख्खं घर हात जोडून बसलेलं आणि याच्या तोंडाला कोरड. तेव्हा पद्मावतीबाय, त्या घरची नवी सून, गुळाचं पाणी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "भटमाम, परतून सुरू करात. देवाक घाय ना." त्याच्याआधी त्याला कुणी भटमाम म्हटलं नव्हतं. ते घर तुटलं तर आपलं नावच कुणीतरी काढून घेतल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं. रात्रीची झोप उडावी इतकं वाटत होतं.

फोन सुनेचा, विनिताचा, जुना. नऊ वर्षं वापरलेला, काचेला कोपऱ्यात भेग, आणि जरा जास्त बोललं की कान भाजणारा. तिने नवा घेतला तेव्हा हा सासऱ्यांकडे आला. गौरेशची अट ऐकून विनिताने नकाशाच्या ॲपमध्ये भटमामांची जागा कायम दिसेल अशी सोय केली आणि चौदाही घरांना लिंक पाठवून दिली. नकाशावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे भटमाम. त्यांची बायको सरस्वती तो बघून म्हणाली, की लग्न झाल्यापासून हा माणूस नक्की कुठे आहे ते आज पहिल्यांदा कळलं.

भटमामांना स्वतःला फोनातलं एकच आवडायचं, पंचांगाचं ॲप. ते फुकटचं, म्हणून फक्त आजचा दिवस दाखवायचं. पुढचं बघायचं तर पैसे भरा म्हणायचं. भटमामांनी त्यावर स्वतःच्या डोक्याने तोड काढली होती. पुढल्या महिन्यातला मुहूर्त हवा असला की ते फोनाची तारीखच पुढे सरकवत. ॲपला वाटायचं की तो दिवस उजाडला, आणि ते मुकाट्याने तिथी, नक्षत्र, राहुकाळ सगळं समोर मांडायचं. काम झालं की तारीख परत मागे. या युक्तीचा त्यांना इतका अभिमान होता की ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, विनितालाही नाही.

चवथीच्या दोन दिवस आधी ते पेडण्यातल्या केरीला गेले, लेकीकडे, दिपालीकडे, नारळ पोचवायला. तिच्या शेजाऱ्यांना वास्तुशांतीचा मुहूर्त हवा होता, पुढल्या मे महिन्यातला. भटमामांनी तारीख सरकवली, नऊ मे उत्तम निघाला, आणि तेवढ्यात दिपालीने पान वाढल्याची हाक दिली. फोन पिशवीत गेला. पुढचे दोन दिवस त्यावर एकही सुप्रभात आलं नाही, गुलाबाचं एकही फूल उमललं नाही. लोक चवथीच्या गडबडीत असतील, असं समजून भटमाम सुखात राहिले. घरात नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, घाणा चालू होता, त्यामुळे ठिपक्याकडे बघायला विनितालाही सवड नव्हती.

चवथीला सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. सव्वाबाराला तेरावं घर, वेळग्यातलं, उरकलंसुद्धा. गेल्या वीस वर्षांत असं झालं नव्हतं. भटमाम प्रसन्न मनाने स्कूटरला किल्ली लावत होते, तेवढ्यात गौरेशचा फोन आला.

"भटमाम, तुमी केरीच्या दर्यार कितें करतात?"

भटमाम गोंधळले. सवयीने तोंडातून "भायर सरलां" निघून गेलं, आणि आज नेमके ते खरोखरच निघाले होते. गौरेशने तितक्याच शांतपणे विचारलं, की केरीहून का? मग त्याने सांगितलं, की ठिपका दोन दिवस केरीच्या किनाऱ्यावर आहे. म्हणजे एक तर भटमाम तिथे आहेत, नाहीतर त्यांनी ते मुद्दाम बंद करून ठेवलंय. दोन्हींत त्याच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता. एक वाजता टीव्ही लावणार, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

वेळगे ते सुर्ला, दहा मिनिटांची वाट. भटमाम सरळ गेले असते तर साडेबाराला दारात उभे राहिले असते आणि सगळा प्रश्न मिटला असता. पण 'मुद्दाम' हा शब्द त्यांना झोंबला होता. आयुष्यात एकदा आपण खरं बोललो आणि एकदाच नकाशा खोटं बोलतोय, हे त्यांना सहन होईना. ठिपका हलवल्याशिवाय सुर्ल्यात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांनी निश्चय केला. बंद पडलेल्या खाणीच्या फाटकापाशी रेंज येते हे त्यांना ठाऊक होतं. तिथे स्कूटर लावून त्यांनी विनिताला फोन केला.

विनिता सावंतवाडीची, डोक्याने थंड. तिने आपल्या फोनावर ठिपका बघत एकेक करून सांगायला सुरुवात केली. विमानाचं चित्र दाबा, दहा आकडे मोजा, परत दाबा. केलं. ठिपका केरीत. फोन बंद करून चालू करा. तो चालू व्हायला चार मिनिटं लागली, तेवढ्यात भटमामांनी अथर्वशीर्ष म्हणून घेतलं. ठिपका केरीत. बॅटरी वाचवायचं बटण बंद करा, जागा दाखवायचं बटण बंद करून चालू करा. ठिपका केरीतच, जणू त्याला दिपालीच्या हातची खीर सोडवत नव्हती. मग विनिता म्हणाली, की कधी कधी फोनाला दिशा कळत नाहीत. फोन हातात आडवा धरायचा आणि मोकळ्या आभाळाखाली आठचा आकडा काढल्यासारखा हवेत फिरवायचा, दहा वेळा.

आता हे चित्र बघा. भर दुपार, खाणीचं गंजकं फाटक, लाल सोवळं नेसलेले, कपाळावर गंध लावलेले भटमाम, आणि ते डोळे अर्धे मिटून आभाळाकडे फोन ओवाळतायत. मोजणी चुकू नये म्हणून प्रत्येक फेरीला गणपतीचं एकेक नाव. रस्त्याने जाणाऱ्या दोन बायका थांबल्या, त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. पाळीचा सगुण नवी गाडी घेऊन सासुरवाडीला निघाला होता. त्याने गाडी बाजूला लावली आणि भटमामांचा नववा फेरा चालू असताना बॉनेटवरूनही तेवढा एक फिरवा म्हणून विनवलं. भटमामांना नाही म्हणवेना. सगुणने भक्तिभावाने विचारलं, की कसली शांती, ग्रहांची का? भटमामांनी क्षणभर विचार केला आणि उपग्रहांची म्हणून सांगितलं. खोटं काहीच नव्हतं. मग सगुणच्या बायकोने गाडीत गणपतीच्या पाया पडण्यासाठी नेलेला नारळ होता तोही पुढे केला, आणि त्या सगळ्यात पंधरा मिनिटं गेली.

ठिपका केरीत. एकला दहा मिनिटं कमी. चाळीस वर्षांची पूजा आणि ती एका भेगाळलेल्या काचेपुढे अडली होती. त्यांनी पुन्हा विनिताला फोन लावला. या वेळी तिने मेसेजचं ॲप उघडून वर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. भटमामांनी चष्मा पुसून वाचलं, की तुमच्या फोनाची तारीख चुकीची आहे.

मग विनिताने विचारलं, "बाबा, फोनावर तारीख खयची दिसता?"

"नऊ मे," भटमाम म्हणाले, आणि वर्ष सांगताना त्यांची जीभ अडखळली, कारण ते वर्ष अजून यायचं होतं.

पंचांगाची युक्ती त्यांना आता सुनेपुढे कबूल करावी लागली. विनिता रागावली नाही. तिने फक्त समजावलं, की तारीख चुकली तर इंटरनेट फोनाला दारात उभं करत नाही, आणि इंटरनेट नसलं की इतका जुना फोन आपली जागा कुणाला कळवू शकत नाही. पहाटेपासून तेरा घरी त्यांनी संकल्प सोडला होता. प्रत्येक वेळी आधी देश आणि काळ: कुठलं क्षेत्र, कुठलं गाव, कुठला शक, कुठला महिना, कुठली तिथी. हे बिनचूक सांगितल्याशिवाय संकल्प देवापर्यंत पोचत नाही, असं ते लोकांना चाळीस वर्षं ऐकवत आले होते. आणि त्यांच्याच पिशवीत दोन दिवस वैशाख चालू होता.

त्यांनी तारीख भाद्रपदात आणून सोडली. फोन थरथरला, टणटणला, अडवून ठेवलेली सगळी सुप्रभातं एकदम आत घुसली, आणि नकाशावरचा ठिपका केरीचा किनारा सोडून टुणकन वेळग्याच्या फाटकापाशी येऊन बसला. भटमामांना आनंदाने रडूच आलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि स्कूटरला लाथ घातली.

सुर्ल्याला पोचले तेव्हा एक वाजून सात मिनिटं झाली होती. ओसरीवर चपलांचा ढीग, आणि आतून अनोळखी, गोड, सराईत आवाज येत होता, आचमन करा म्हणून. गौरेशने बरोबर एक वाजता टीव्ही लावला होता. ज्या फोनावर ठिपका बघायचा तोच टीव्हीला जोडलेला, त्यामुळे भटमामांचा ठिपका सुर्ल्याच्या दारात आलाय हे बघायला त्या घरात कुणीच नव्हतं. भटमाम उंबऱ्याबाहेर थबकले. आत जायचं धैर्य होईना आणि परत फिरायला पाय उचलेनात.

टीव्हीवरचा भट म्हणाला, की उजव्या हातात पाणी घ्या, आता आपलं गाव, आपलं गोत्र आणि आपलं नाव म्हणा. गौरेशने पाणी घेतलं. सुर्ला म्हणाला. मग थांबला. इतकी वर्षं गोत्र भटमाम सांगायचे आणि तो मान हलवायचा. पाणी बोटांतून गळायला लागलं. त्याने आईकडे बघितलं. टीव्हीवरचा भट कुणासाठी थांबणारा नव्हता, तो पुढल्या मंत्राला लागलासुद्धा.

पद्मावतीबाय भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून पोटात काही नाही, पण आवाज खणखणीत. ती टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या भटाक आमी खंय आसात तें खबर आसा?"

मग दारातून आवाज आला, जरा घोगरा, धापा टाकणारा. गोमंतक देश, सुर्ला गाव, कौंडिण्य गोत्र, आणि मग गौरेशचं, त्याच्या वडलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव, एकही न अडखळता. घरातल्या पोरांना आपल्या पणजोबाचं नाव त्या दिवशी कळलं. गौरेशने टीव्ही बंद केला, रिकामी झालेली ओंजळ पुढे केली आणि आईला म्हणाला, की पाणी परत घाल. भटमाम पाटावर बसले. पद्मावतीबायने त्यांच्यासमोर गुळाच्या पाण्याचा पेला ठेवला.

पूजा, आरती, नैवेद्य, सगळं दोनच्या आत झालं आणि बायच्या पोटात हळदीच्या पानातली पहिली पातोळी गेली. भटमामांना पंधरावं घर नव्हतं. बायने पान मांडलं, आणि या वेळी त्यांना नाही म्हणायला कारणच सुचलं नाही. ते मिश्र भाज्यांच्या खतखत्याला हात घालणार, तेवढ्यात गौरेश शेजारी येऊन बसला. त्याने माफी मागितली नाही, ते त्याच्या स्वभावात नव्हतं.

"भटमाम, फुडल्या वर्सा चवथ कितें तारखेर?" त्याने विचारलं. "पयलो नंबर आमचो बरोवन दवरात." म्हणजे लिहून ठेवा.

भटमामांचा ऊर भरून आला आणि डावा हात आपसूक पिशवीत गेला. फोन बाहेर आला, तारखेचं पान उघडलं, अंगठा वर्षाच्या आकड्यावर टेकलासुद्धा. मग ते थांबले. फोन त्यांनी पालथा घातला.

"पाडवो जावं दी," ते म्हणाले. "नवें पंचांग हातांत येतकच सांगतां."

तोच पालथा फोन वाजला. विनिता होती, घाबरलेली. ती म्हणत होती, की ठिपका पाऊण तास सुर्ल्यात एकाच जागी आहे, हललेला नाही, परत बिघडला की काय.

भटमामांनी पहिला घास तोंडात घातला आणि गिळला.

"ठिपको बरोबर आसा," ते म्हणाले. "हांव जेवतां."