बहिणीचं आंत्रपुच्छ

दहावीला उत्क्रांतीचा धडा आला की मी रंगात यायचो. अवशेषांगं शिकवायला साहित्य लागत नाही, पोरं हेच साहित्य. कान हलवता येणारा एखादा वर्गात असतोच, त्याला पुढे बोलवायचं. मग माकडहाड, अक्कलदाढ आणि शेवटी आंत्रपुच्छ. ते कुठे असतं ते मी माझ्याच शर्टावर बोट ठेवून दाखवायचो: बेंबीच्या उजवीकडे, खाली. दुखणं आधी बेंबीभोवती सुरू होतं आणि मग तिकडे उतरतं, हेही सांगायचो. पुस्तकात नसलेलं सांगायची मला भारी हौस.

एवढं सगळं पाठ असलेल्या माणसाची बहीण आंत्रपुच्छानं गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आमचं गाव दिघोरीच्या पुढे, शेती धानाची. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. बायांची टोळी आम्हाला मोठ्या मुश्किलीनं दोन दिवस मिळाली होती, तिसऱ्या दिवशी ती दुसरीकडे जाणार होती. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, लग्न ठरलेलं. नको म्हटलं तरी चिखल केलेल्या बांधीत रोवायला उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट धरून घरी आली आणि अंगणातच ओकली.

रोवण्यात इकडे कोणाचंही पोट दुखलं की निदान ठरलेलं असतं: वाकून वाकून बेंबी सरकली. मायनं तेच सांगितलं आणि मीही मान हलवली. बेंबी जागेवर आणणारी गावात एकच, सत्तरीची बुडी. तेल लावून पोट चोळायची, मग बेंबीवर पेटता दिवा ठेवून वरून लोटा पालथा घालायची. बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांनाही तीच चोळायची. तिला बोलवायला मी स्वतः गेलो.

बुडीनं पोटाआधी कपाळाला हात लावला. माय तेव्हा दिवा आणायला आत गेली होती.

"आंग तपून राहिलं, सर," बुडी म्हणाली. "ताप असन त मी हात नाही लावत. डॉक्टरले दाखवा."

माझं डोकंच फिरलं. भर उन्हात चिखलात उभी राहिलेली पोरगी तापणार नाही तर काय, शिकलेला मी का तू, असं मी तिला सुनावलं. खरी गोष्ट वेगळीच होती. रोवायला उपटलेले पऱ्हे, धानाची रोपं, बांधीत पडले होते, बाया खोळंबल्या होत्या, आणि मला त्या दिवशी दवाखान्यात जायचं नव्हतं. बस, एवढंच.  मग बुडीनं तेल घेतलं.

बहीण कळवळली. पाय झाडू लागली तर तिचे गुडघे मी दाबून धरले. घंटाभरानं तिचं दुखणं एकदम थांबलं, तिनं चहा मागितला. बुडीच्या हाताला गुण आहे बाप्पा, असं मायला सांगून मी शेताकडे निघून गेलो. आंत्रपुच्छ फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं, हे मला माहीत नव्हतं. तेवढं मात्र मी कधी वाचलं नव्हतं.

सकाळी तिचं पोट फळीसारखं कडक झालं होतं. एकाची चारचाकी मिळवून भंडाऱ्याला निघालो. कारध्याच्या पुलावर तिनं डोळे उघडले.

"दादा, रोवणा झाला का?"

झाला म्हटलं. झालाच होता.

डॉक्टरांनी पोट उघडलं. आंत्रपुच्छ फुटून आत सगळीकडे पू पसरला होता. पोट कोणी दाबलं होतं का, असं त्यांनी विचारलं. गावातल्या बुडीनं, मी म्हणालो. माय बाजूलाच उभी होती. तिसऱ्या दिवशी बहीण गेली.

त्यानंतर गावानं बुडीला वाळीत टाकल्यासारखंच केलं. तान्हं लेकरू कोणी तिच्या हाती देईना. आमच्या भावकीतले दोघं तर तिच्या दारात जाऊन आयमायवरून शिव्या देऊन आले. मला सगळं कळत होतं. मी तोंड शिवून बसलो. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मायची भीती जास्त वाटत होती.

महिन्याभरानं एका सकाळी बुडी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"सर, लोकाइले एक डाव सांगून द्या," ती हळूच म्हणाली. "मी त नाहीच म्हनली होती."

माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिला एवढं लांबचं ऐकू येत नाही. तिनं तिथूनच विचारलं, काय म्हनते ते बुडी?

"काही नाही माय," मी मोठ्यानं म्हणालो. "माफी मागून राहिली."

बुडीनं माझ्याकडे पाहिलं. फाटक तिनंच लावलं आणि निघून गेली.